एमजीएफचं हेड गॅस्केट गेलंय? आधी पाणी कुठे जातंय ते शोधा

ब्रिटनमध्ये स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार शोधायला लागलात की फार दिवस जात नाहीत, एमजीएफ समोर येतेच. दोन सीटची, टप उघडणारी, इंजिन सीटांच्या मागे, आणि किंमत एखाद्या जुन्या हॅचबॅकच्या आसपास. जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘हेड गॅस्केटचं काम झालेलं आहे’. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधलं पातळ सील. कोणी केलं, कोणतं घातलं आणि मुळात गेलं कशाने, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे आणि आता टेम्परेचरच्या काट्याकडे बघत गाडी चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाने हातात धरायची सवय आहे पण हेड कधी उतरवलेलं नाही, असा वाचक धरून चाललोय.

भारतात एमजी म्हटलं की २०१९ नंतरची हेक्टर आठवते. ही तिच्या आधीची, बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यातली. एमजीएफ १९९५ ते २००२, त्यानंतर तीच गाडी थोडी बदलून एमजी टीएफ. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनी बुडाली, पण रस्त्यावर या गाड्या अजून बऱ्याच आहेत. बहुतेकींत १.८ लिटरचं के-सीरीज इंजिन. तेच इंजिन पहिल्या पिढीच्या लोटस एलिसमध्ये आणि लँड रोव्हरच्या पहिल्या फ्रीलँडरमध्येही होतं, त्यामुळे खाली जे सांगितलंय त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या इंजिनात गॅस्केट जातं तेव्हा बहुतेक वेळा आधी कुठून तरी पाणी गेलेलं असतं. गळका पाइप, थकलेलं झाकण, रेडिएटरमध्ये अडकलेली हवा. नुसतं गॅस्केट बदलून गाडी रस्त्यावर आणली की तीच गळती नव्या गॅस्केटलाही खाते, आणि मग लोक म्हणतात, ‘या इंजिनात टिकतच नाही’.

या इंजिनात वेगळं काय आहे

के-सीरीज म्हणजे एकावर एक रचलेले अ‍ॅल्युमिनियमचे थर. वर कॅमशाफ्ट धरणारा भाग, खाली हेड, मग ब्लॉक, त्याखाली क्रँकच्या बेअरिंगची चौकट आणि तळाला ऑइल रेल. हातभर लांबीचे दहा बोल्ट वरून शिरतात, सगळे थर पार करतात आणि थेट तळाच्या त्या रेलच्या आट्यांत बसतात. अख्खं इंजिन या दहा बोल्टांनी आवळून धरलेलं आहे. रचना हलकी आहे, हुशारीचीही आहे. पण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिन गरम होताना आणि निवताना दर वेळी हेड आणि ब्लॉकच्या मधल्या दाबात फरक पडतो.

त्यात इंजिनात पाणी कमी मावतं आणि थर्मोस्टॅट बसवलाय पाणी आत येण्याच्या बाजूला. एमजीएफमध्ये रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये गाडीच्या पोटाखालून गेलेले लांब पाइप. जानेवारीच्या सकाळी त्या पाइपांतलं पाणी बर्फाच्या जवळपास असतं. थर्मोस्टॅट उघडला की ते तापलेल्या इंजिनात शिरतं. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर किंचित सरकतात. सुरुवातीच्या इंजिनांत त्यांना जागेवर धरणाऱ्या गाइड पिना चक्क प्लॅस्टिकच्या होत्या, पुढे त्या पोलादी झाल्या. मूळ गॅस्केट म्हणजे पातळ पत्रा आणि त्यावर चिकटवलेल्या रबरी कडा. वर्षानुवर्षांच्या या सरकासरकीने त्या कडा सुटतात आणि पाणी ऑइलमध्ये किंवा बाहेर जायला लागतं.

जाता जाता: आपल्या अ‍ॅम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीच्या जुन्या एमजीए-एमजीबी गाड्यांचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरीजचं. ब्लॉकही ओतीव लोखंडाचा, हेडही. घाटात गाडी तापली की बाजूला घ्यायची, निवू द्यायची, पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं, हा आपल्याकडचा रिवाज त्या लोखंडाने खपवून घेतला. के-सीरीज खपवून घेत नाही. एकदा नीट तापलं की हेडचं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडू शकतं, आणि मऊ हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

काटा चढला तर

गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘घर दोनच मैलांवर आहे’ हा विचार या गाडीत फार महाग पडतो. रिकव्हरी ट्रक बोलवा. पाण्याच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उडतं.

काटा चढला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही धरू नका. पाणी इतकं कमी झालं असेल की सेन्सरभोवती नुसती वाफ आहे, तर काटा मधेच थांबून राहतो, क्वचित खालीही येतो. हीटर गरम वरून अचानक थंड हवा फेकायला लागला तर ती जास्त भरवशाची खूण. पुढे जाऊ नका.

खरंच गॅस्केट आहे का

इथे घाई करू नका. गॅस्केटसारखीच लक्षणं देणाऱ्या, पण थोडक्यात सुटणाऱ्या गोष्टी या गाडीत बऱ्याच आहेत.

सगळ्यात आधी इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. तिथूनही पाणी जातं. कधी ते बाहेर गळतं, कधी सिलिंडरमध्ये खेचलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हेडच्या तुलनेत हे काम अगदी किरकोळ आहे. कित्येक हेड गरज नसताना उतरवली गेली असतील असा माझा अंदाज आहे. त्यानंतर टाकीचं झाकण, ते सरळ नवं घ्या. मग पोटाखालचे लोखंडी पाइप: गंज पकडतात आणि टोकांपाशी झिरपतात. पाण्याचा पंप, रेडिएटरची खालची कड आणि हीटरचे होजही बघून घ्या.

ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पिवळट थर दिसला की नवा माणूस हादरतो. थंडीत रोज दोन-तीन मैल चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिक बाहेर काढा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका. डिपस्टिकवरही तोच रंग असेल आणि टाकीतलं पाणी घटत असेल, तर मात्र काळजीचं आहे.

पक्की खात्री करायला तीन चाचण्या पुरतात. पहिली, थंड इंजिनावर पाण्याच्या टाकीला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि पंपावरचा काटा उतरतो का बघायचं. उतरला तर टॉर्च घेऊन गळती शोधा. बाहेर काहीच दिसत नसेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का बघा. बाकीच्या प्लगांपेक्षा एखादाच वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल, तर त्याच सिलिंडरवर संशय घ्या. दुसरी, टाकीच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी धरायची. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. हे किट ऑनलाइन सहज मिळतं. तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं: शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय.

गळती बंद करणाऱ्या बाटल्यांबद्दल एकच वाक्य: हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवायच्या असतील तरच ओता.

स्वतः करायचं की नाही

झाकलेली जागा, पक्के स्टँड, दोन शनिवार-रविवार आणि दुसरी गाडी हाताशी असेल तर करता येतं. सोमवारी याच गाडीने कामाला जायचंय असा हिशेब असेल तर करू नका. साध्या १.८ पेक्षा व्हीव्हीसी (व्हॉल्व्हची वेळ चालताना बदलणारं) इंजिन किचकट आहे, त्याला मागच्या बाजूलाही टायमिंग बेल्ट असतो. पहिलंच हेड असेल तर व्हीव्हीसीला हात न लावलेला बरा.

गॅरेजला देत असाल तर एमजी आणि रोव्हरची कामं नेहमी करणारं शोधा आणि तीन प्रश्न विचारा: लायनरची (पिस्टन ज्यांत वरखाली होतात त्या सिलिंडरच्या नळ्यांची) उंची मोजता का, हेड तपासायला कुठे पाठवता, आणि गेल्याचं कारण शोधणार का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरीकडे जा. मागची सबफ्रेम खाली उतरवणार असतील तर लक्षात ठेवा, एमजीएफचं सस्पेन्शन हायड्रागॅसचं, म्हणजे दाबाखालच्या द्रव आणि वायूवर चालणारं आहे. त्यातला दाब सोडून पुन्हा भरायला खास पंप लागतो. टीएफला साध्या स्प्रिंगा आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

सामान

गॅस्केट सेट, पोलादी गाइड पिना, नवे हेड बोल्ट, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, टाकीचं झाकण, ऑइल, फिल्टर आणि गाडीला सांगितलेलं कूलंट. बेल्ट आणि पंप जुने चांगले दिसले तरी बदला, तिथवर पुन्हा पोचायला सगळं परत खोलावं लागतं. टेन्शनर दोन प्रकारचे येतात, हाताने ताण द्यायचा आणि आपोआप ताण धरणारा. आपल्या इंजिनावर कोणता आहे ते बघूनच बेल्टचं किट मागवा.

अवजारांत टॉर्क पाना, कोन मोजायची चकती, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगली सरळ पट्टी, कॅम लॉक करायचा तुकडा आणि लायनर दाबून धरायच्या क्लँप. या क्लँप नसतील तर हेड उतरवू नका. कारण पुढे येतंच आहे.

खोलताना

बॅटरी सुटी करा, पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडा, पाणी काढून घ्या. जुनं कूलंट लगेच झाकून ठेवा. ते चवीला गोड असतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि त्याने मरतात. इंजिनाचं मोठं झाकण टपाच्या खाली, सीटांच्या मागे आहे. टप मोकळा करून, कार्पेट उचलून ते काढलं की वरून जागा मिळते. बाकीचं काम बूटच्या (डिकीच्या) बाजूने आणि खालून. दर पायरीला फोटो काढत जा. कनेक्टर कुठला कुठे होता, हे आठवड्याने आठवत नाही.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँक अशा जागी आणा की चारही पिस्टन मधोमध राहतील, म्हणजे पहिला सिलिंडर वरच्या टोकाच्या ९०° आधी. पुलीवर आणि कॅमच्या चक्रांवर त्यासाठी खुणा आहेत. आता कॅम लॉक करा आणि बेल्ट काढा.

इथून पुढे क्रँक फिरवायचा नाही. एकदाही नाही. तुमचा हात चुकून पुलीवर गेला म्हणूनही नाही. दहा बोल्ट सैल झाले की थरांना घट्ट धरणारं काही उरत नाही. क्रँक फिरला तर पिस्टन लायनरना वर ओढतात, लायनरचं खालचं सील मोडतं, आणि मग हेडचं काम संपून अख्खं इंजिन खोलायचं काम सुरू होतं. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलायची नाही हे सांगायला नको, पण ढकलणारे असतात.

बोल्ट कसण्याच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. हेड चिकटून बसलेलं असतं. त्याला आडवा हातोडा मारू नका, गाइड पिनांमुळे ते आडवं सरकत नाही. पुढे-मागे डोलवून सोडवा आणि सरळ वर उचला. उचलायला दोघं असा. हेड निघालं की ताबडतोब लायनरवर क्लँप लावा.

हेड उतरल्यावर मोजमाप

नवीन माणसाला वाटतं अवघड भाग झाला. माझ्या मते दुरुस्ती टिकणार की नाही हे इथे ठरतं, आणि घाईतल्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आधी जुनं गॅस्केट उजेडात धरून वाचा. रबरी कड कुठे सुटली आहे? सिलिंडरभोवतीचं कडं कुठे काळं पडलंय? गळती कुठून कुठे होती ते इथे कळतं आणि तुमच्या चाचण्यांशी ते जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर तुम्ही अजून खरं कारण शोधलेलं नाही.

मग लायनर. ते ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित, साधारण ०.१ मिमी, वर हवेत. तेवढ्या उंचीमुळेच गॅस्केटचं कडं दाबलं जातं आणि स्फोटाचा वायू आत राहतो. ब्लॉक स्वच्छ पुसा, क्लँप एकेक करून काढत सरळ पट्टी आडवी धरा आणि फिलर गेजने प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजून आकडे कागदावर लिहा. एखादा लायनर ब्लॉकच्या बरोबरीला किंवा खाली गेला असेल तर कोणतंही गॅस्केट त्याला फार दिवस सांभाळणार नाही. तिथे थांबा आणि जाणकाराला विचारा. ब्लॉक घासून लायनर वर आणता येतात, पण ते घरचं काम नाही.

हेडच्या खालच्या पृष्ठभागावरून नख फिरवा. जुन्या गॅस्केटच्या कड्यांनी गोल खड्डे पाडलेले हाताला लागतात का? लागले तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं, करावं लागेल. सरळ पट्टीखाली ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तरीही तेच. नव्या हेडची जाडी ११९ मिमीच्या आसपास असते आणि घासून फार तर ०.२ मिमी कमी करता येतं, म्हणून आधी कोणी फेसिंग केलंय का ते जाडी मोजून बघा. इंजिन मशीन शॉपला हेड देताना तीन गोष्टी सांगा: प्रेशर टेस्ट करा, कडकपणा तपासा, आणि गरज असेल तरच, तेही कमीत कमी घासा. कडकपणाची टेस्ट विसरू नका. वाकलेलं हेड सरळ करता येतं, मऊ झालेल्याचं फारसं काही होत नाही.

कोणतं गॅस्केट

यावर लोक तावातावाने भांडतात. एकीकडे मूळ पद्धतीचं, पण सुधारलेल्या जास्तीच्या कडांचं रबरी गॅस्केट. दुसरीकडे पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचं एमएलएस, ज्याच्यासोबत हेडला खड्डे पडू नयेत म्हणून पातळ शिम (मध्ये घालायचा जास्तीचा पत्रा) येते. एमएलएसबरोबर मजबूत ऑइल रेल आणि सुधारित बोल्टही मिळतात, पण रेल बदलायची तर ऑइल चेंबर उतरवावा लागतो.

माझं मत असं: चारही लायनर पुरेसे वर आणि एकसारखे असतील, फेसिंग गुळगुळीत असेल तर एमएलएस, शिम आणि नवी रेल, तिन्ही एकत्र घाला. लायनरच्या उंचीत थोडं कमीजास्त असेल तर सुधारलेलं रबरी बरं, ते जास्त सांभाळून घेतं. निवड तुमच्या मापांच्या कागदावरून करा. दुकानदाराकडे जे शिल्लक आहे त्यावरून नको.

बसवताना

पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा, तारेची चकती लावू नका. गॅस्केट कोरडं बसवा. सिलिकॉन, ग्रीस, काही नाही. पोलादी पिना घाला, क्लँप काढा, हेड सरळ खाली ठेवा. बोल्टांच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं ऑइल लावा आणि हळूच आत सोडा. वरून टाकू नका, तळाच्या रेलचे आटे दुखावतात.

कसण्याचा क्रम मधून सुरू होऊन बाहेर जातो. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातली आकृती समोर ठेवा.

१. सगळे बोल्ट क्रमाने २० न्यूटन-मीटर.
२. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी अ‍ॅल्युमिनियमवर, एका रेषेत, रंगाची खूण.
३. क्रमाने प्रत्येक बोल्ट १८०°. खुणा आता समोरासमोर येतील.
४. पुन्हा क्रमाने प्रत्येक १८०°. खुणा परत जुळतील.

शेवटच्या फेरीला चांगलाच जोर लागतो आणि काहीतरी तुटणार असं वाटतं. लांब दांडा घ्या आणि एका दमात, न थांबता फिरवा. खूण ओलांडून गेलात तर बोल्ट ९०° मागे घ्या आणि पुन्हा खुणेवर आणा. पुढे काही मैलांनी हेड पुन्हा कसायची गरज या इंजिनाला नाही.

बेल्ट चढवून झाला की स्टार्टरला हात लावण्याआधी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. आता फिरवायला परवानगी आहे. खुणा परत जुळल्या तरच पुढे जा.

पाणी भरणं आणि हवा काढणं

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे या गाडीत हवा अडकायला भरपूर जागा आहे. चांगलं केलेलं काम पहिल्याच आठवड्यात वाया जातं ते इथे.

हवा सोडायचे स्क्रू रेडिएटरवर, पुढे हीटरच्या पाइपवर आणि मागे इंजिनजवळच्या पाइपवर आहेत. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, स्क्रू उघडा आणि ५०-५० मिसळलेलं कूलंट टाकीतून सावकाश भरा. होज हाताने दाबत राहा. ज्या स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आली तो बंद करा. सगळी सिस्टिम साधारण दहा लिटरची आहे. सहा लिटरमध्ये टाकी भरली तर आत हवा आहे, गाडी चालू करू नका. कॉम्प्रेसरवर चालणारं व्हॅक्यूम भरणी यंत्र कोणाकडून मिळालं तर हा सगळा खटाटोप वाचतो.

मग झाकण लावून इंजिन आयडलला ठेवा. दोन गोष्टी घडायला हव्यात: आत हीटर गरम हवा फेकतोय, आणि रेडिएटर खालपर्यंत तापून पंखा आपोआप लागतो, मग बंद होतो. इंजिन गरम आणि रेडिएटर थंड, असं असेल तर बंद करा, निवू द्या, पुन्हा हवा काढा.

ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर साधं ऑइल आणि फिल्टर घालून थोडं चालवा, मग दोन्ही पुन्हा बदला. ते मिश्रण बेअरिंगना मारक असतं.

पहिले दोन आठवडे रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीवर मार्करने केलेल्या रेषेशी पातळी ताडून बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत ती थोडी उतरून स्थिरावते. त्यानंतरही उतरत राहिली तर भर घालून चालवत बसू नका, दाबाची चाचणी पुन्हा करा आणि मॅनिफोल्ड, झाकण, पाइप याच क्रमाने परत शोधा. या गाडीला पाणी कमी झाल्याची सूचना देणारा दिवा कंपनीने दिलेला नाही. टाकीत बसवायचा तसा अलार्म बाजारात मिळतो आणि तासाभरात लागतो. रेडिओ बदलण्याआधी तो लावा.